बारवेपासून सात पावलं: कविता, जीवनकथन आणि नकाशा यांचं एक प्रकरण

नावं, नाती आणि काही तपशील बदलले आहेत. गावाचं नावही देत नाही. उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एक, एवढं पुरे. या प्रकरणातला भूगोलाचा प्राध्यापक मीच. त्यामुळे हे लांबून पाहून लिहिलेलं नाही, आणि जिथे चूक माझी आहे तिथे ती माझी म्हणूनच सांगितली आहे.

पार्श्वभूमी

मॅडम एका अनुदानित महाविद्यालयात मराठी शिकवतात. मीही तिथेच, दोन खोल्या सोडून. त्यांचा पहिला कवितासंग्रह २००४ साली आला. पीएच.डी. २००९ साली झाली, विषय मराठी स्त्रियांची आत्मचरित्रं. २०१७ साली त्या सहयोगी प्राध्यापक झाल्या. कविसंमेलनांत त्यांच्याबद्दल 'प्राध्यापकी कविता' असा शेरा ऐकू यायचा, आणि स्टाफरूममध्ये 'मॅडम कवयित्री आहेत, संशोधन हा त्यांचा पिंड नाही' असा. दोन्हीकडची माणसं एकमेकांना भेटली असती तर कदाचित त्यांचं जमलं असतं.

आमच्याकडे असं दोन डगरींवर उभं राहण्याची परंपरा नाही असं नाही. इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या. त्यांनी महाभारतावर ललित अंगाने लिहिलं आणि त्या पुस्तकाला १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण इरावतीबाईंना पदोन्नतीचा तक्ता भरावा लागला नव्हता.

२०१९च्या उन्हाळ्यात धरण खाली गेलं. उजनीचं गणित परगावच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. एकूण साठवण साधारण ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), आणि त्यातला निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या आसपास, मृतसाठा. उपयुक्त पाणी संपलं की टक्केवारी शून्याखाली मोजायची. म्हणून वर्तमानपत्रं 'उजनी उणे चाळीस टक्के' असं छापतात आणि वाचणारा चक्रावतो. उणे म्हणजे कोरडं नव्हे. कालव्यातून सोडता येईल इतकी पातळी उरलेली नाही, एवढंच. त्या वर्षी ते उणे पन्नासच्याही खाली गेलं. असं झालं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर पाण्याबाहेर येतं, लोक बघायला गर्दी करतात. मंदिराइतकी प्रसिद्धी नसलेली गावंही तेव्हाच वर येतात: घरांची जोती, वेशीचे दगड, बारवा, दगडी रांजणांचे तुकडे.

मॅडमचं आजोळ असंच. आईला घेऊन त्या तिथे गेल्या. सत्तरी ओलांडलेली बाई भेगाळलेल्या गाळातून चालत 'ही वेस, हे कासाराचं घर, इथं आमचं जातं' असं सांगत गेली आणि जात्याच्या जागी उभी राहून ओवी गुणगुणायला लागली. मॅडमनी मोबाईलवर ती टिपली. सोमवारी माझ्या खोलीत येऊन त्यांनी विचारलं, "सर, आई जिथं उभी होती ती जागा नकाशावर सापडेल का?"

काम कसं उभं राहिलं

जुने गाव नकाशे १:७९२० या प्रमाणाचे असतात, म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवर ६६० फूट. असा नकाशा आजच्या अक्षांश-रेखांशावर बसवायचा तर दोन्ही काळांत न हललेल्या खुणा लागतात. बुडालेल्या गावात त्या फार थोड्या. आम्हाला देवळाचं जोतं मिळालं, एक बारव, आणि तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला एक दगड. १९७२पासूनची लँडसॅट उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, पण त्या काळच्या चित्रातला एक ठिपका साठ-ऐंशी मीटरचा. नदीचं वळण त्यात दिसतं, घर दिसत नाही.

उरलेलं सगळं बायकांनी सांगितलं. पुढच्या तीन वर्षांत, मधली करोनाची खीळ धरून, मॅडमनी ३४ बायकांशी बोलणी केली. पद्धत साधी आणि त्यांचीच: 'घरातून निघा आणि पाण्याला जा. काय काय लागतं ते सांगत चला.' पुरुषांना विचारलं तर बांध, वाटण्या आणि कोर्टकज्जे यायचे. बायका सांगायच्या ते पाय कुठं घसरायचा, हंडा टेकायला दगड कुठं होता, कोणाच्या ओट्यासमोरून पदर घेऊन जावं लागायचं. चालता चालता ओवी यायची. बऱ्याच ओव्यांत जागेचं नाव असायचं. मी तेवढ्या जागा नकाशावर टिपत गेलो.

इथे पहिला निर्णय झाला, आणि तो आम्ही निर्णय म्हणून घेतलाच नाही. काम आपोआप तीन वाटांना फुटलं. कथनांचे लेख मॅडम लिहिणार, नकाशाचे लेख दोघं मिळून लिहिणार, आणि कविता ही त्यांची खासगी बाब. तिन्ही वाटा एकाच ध्वनिमुद्रणातून निघत होत्या. आम्ही मात्र वह्या वेगळ्या म्हणजे काम वेगळं असं धरून चाललो.

संमतीपत्र होतं. एक पान, 'आपण दिलेली माहिती केवळ संशोधनासाठी वापरली जाईल' या थाटाचं. बहुतेकींनी सही केली, काहींनी अंगठा दिला. त्या पानावर 'कविता' हा शब्द नव्हता. 'नकाशा' हाही नव्हता.

गुणांचा घोळ

मूळ अडचणीकडे जाण्याआधी पदोन्नतीचं सांगायला हवं, कारण पुढचे काही निर्णय त्याच्या सावलीत झाले.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांनुसार सहयोगी प्राध्यापकाला प्राध्यापक व्हायचं तर किमान दहा शोधनिबंध लागतात आणि संशोधनाचे ११० गुण. भाषा आणि मानव्यविद्यांत एका शोधनिबंधाला १० गुण. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला त्याच्या ७० टक्के, म्हणजे ७. राष्ट्रीय प्रकाशकाकडून आलेल्या पुस्तकाला १०, संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला ५. सर्जनशील लेखनाला वेगळा रकाना नाही. कवितासंग्रह 'पुस्तक' या रकान्यात बसतो की नाही, हे तपासणाऱ्यावर.

२०२२च्या उत्तरार्धात मॅडमचा हिशेब असा होता: एकटीचे सहा निबंध (६०), माझ्यासोबत दोन (१४), दोन प्रकरणं (१०), एका विद्यार्थिनीची पीएच.डी. पूर्ण (१०), राज्यस्तरीय व्याख्यानं तीन (६). बेरीज १००. दहा कमी. आणि समोर त्यांचा दुसरा कवितासंग्रह, नामांकित प्रकाशकाचा, बरोबर दहा गुणांचा.

तो संग्रह मोजून घ्यावा म्हणून त्यांनी वर्षभर पत्रव्यवहार केला. त्यांचा मुद्दा तत्त्वाचा होता आणि मला तो पटतही होता. पण तक्ता दोघांनीही नीट वाचला नव्हता. निबंध आठ होते, हवे होते दहा. म्हणजे संग्रह मोजला गेला असता तरी अर्ज पात्र ठरत नव्हता. आणि राहिलेले दोन निबंध लिहिले असते तर गुण आपोआप एकशे दहाच्या वर गेले असते, संग्रहाची गरजच पडली नसती. हे आमच्या कार्यालयातल्या हेडक्लार्कनी चहा पिता पिता सांगितलं. त्यांनी साहित्य वाचलेलं नाही, पण तक्ता वाचला होता.

त्या वर्षात मॅडमनी एकही निबंध लिहिला नाही. कविता मात्र लिहिल्या.

अडचण

३४ जणींत एक मावशी होत्या. आईच्या लांबच्या नात्यातल्या. बुडालेलं गाव त्यांचं माहेर. पहिलं लग्न लहानपणी झालेलं. बाळंतपणाला माहेरी आल्या, मुलगी झाली, तिसऱ्या महिन्यात गेली. लहान लेकरू, म्हणून पुरलं: वडलांच्या वावरात, बारवेजवळ. वर्षभरात नवराही गेला. पुढे वडलांनी पाट लावून दिला. दुसऱ्या सासरी थोरल्यांना हे माहीत होतं, पण मुलांना, नातवंडांना कधी सांगितलं गेलं नाही. पाणी चढायला लागलं तेव्हा सगळे भांडीकुंडी, दारं-खिडक्या, तुळशी वृंदावनं हलवत होते. या बाईला जे हलवावंसं वाटत होतं ते कुणाला सांगता येत नव्हतं. ते त्यांनी ओवीत घातलं आणि पहाटे एकट्याने म्हटलं. ती ओवी इथे देत नाही. प्रकरण तिच्यावरूनच घडलं.

ध्वनिमुद्रणात एक वाक्य आहे: "लिही बाय, पर माज्या पोरांच्या म्होरं नगं."

मॅडमनी याचा अर्थ लावला तो असा, की पोरं समोर असताना हा विषय काढू नको. अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही. पुरेसा मात्र नव्हता.

ऑगस्ट २०२२मध्ये आमचा जोडनिबंध आला. त्यात माझा नकाशा होता: जुनी वावरं, त्यांची लोकांच्या तोंडची नावं, आणि ओव्यांत आलेल्या जागांसाठी वेगवेगळी चिन्हं. एक चिन्ह 'बालदफन' असं होतं, एका बारवेशेजारी. कुणाचं, हे कुठेही लिहिलं नव्हतं. दिवाळी अंकात मॅडमची कविता आली. तिच्यात दोन सासरं असलेली एक बाई होती आणि बारवेच्या पायरीपासून सात पावलांवर ठेवलेला एक दगड. नाव नव्हतं, गावही नव्हतं.

नकाशावरून कुणाला काही कळलं नसतं. कवितेवरूनही नाही. दोन्ही शेजारी ठेवले की त्या वावराच्या मालकाला मुली किती, त्यातली दोनदा लग्न झालेली कोण, हे गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला बोटावर सांगता आलं असतं. आणि दोन्ही शेजारी आलेच: विस्थापित गावकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, एकाच संध्याकाळी, 'आपल्या गावाबद्दल बघा किती छान लिहिलंय' म्हणून.

मावशींच्या नातवाचा फोन आला. पुण्यात इंजिनिअर आहे. आवाज चढवला नाही. म्हणाला, "मॅडम, तुम्ही आजीचं नाव दिलं नाही, पण पत्ता दिलात."

समोरचे पर्याय

आम्ही दोघं त्या आठवड्यात रोज बसलो. काय काय बोललो ते आठवेल तसं मांडतो, कारण त्यातला लटपटीतपणा हाही प्रकरणाचाच भाग आहे.

कवितेवर ठाम राहायचं, हा मॅडमचा पहिला विचार. कविता म्हणजे जबानी नव्हे, तिच्यातली बाई कुणी एक नसते. वाङ्मयात हे बरोबरच आहे. पण त्याच कवितेच्या बाजूला आपणच नकाशा ठेवल्यावर 'ही कुणी एक नाही' हे म्हणण्याचा हक्क आपण गमावला, असं माझं म्हणणं होतं. मॅडम रागावल्या. "तुमचा नकाशा माझ्या कवितेची साक्ष काढतोय," म्हणाल्या. मला ते लागलं. खरंही होतं.

जाहीर दिलगिरी हा दुसरा मार्ग. नातवाने तो पहिल्याच फोनमध्ये बंद केला होता. दिलगिरी छापली म्हणजे ज्यांचं लक्ष गेलं नव्हतं त्यांचंही जाईल. नियतकालिकात शुद्धिपत्र देण्याचंही तेच. 'आकृती दोनमधील एक चिन्ह वगळण्यात येत आहे' असं छापलं की वाचणारा सगळ्यात आधी तेच चिन्ह शोधतो.

निबंध मागे घेणे हा तिसरा. त्यात मॅडमचे आठचे सात निबंध होणार होते आणि शंभरचे त्र्याण्णव गुण. माझंही नुकसान होतं, पण मी आधीच प्राध्यापक झालो होतो. त्यामुळे या पर्यायावर माझं मत फार सहज पडत होतं, आणि ते मॅडमच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नाही.

सगळंच थांबवणे, हा प्राचार्यांचा सल्ला. संस्थेचं नाव येऊ नये, एवढी त्यांची काळजी. महाविद्यालयात असल्या गोष्टी ज्यांच्यापुढे न्याव्यात अशी कोणतीही समिती नव्हती. 'माणसांच्या बोलण्यावर संशोधन' हे आमच्याकडे धोक्याचं काम मानलंच जात नाही. जखम करायला सुई लागते, अशी समजूत.

आणि मावशींनाच विचारणे. आश्चर्य म्हणजे हा पर्याय चौथ्या दिवशी निघाला. तोपर्यंत आम्ही नातवाला काय सांगायचं, संपादकांना काय कळवायचं, प्राचार्यांना काय, एवढंच बोलत होतो.

काय केलं

नातवाला उत्तर द्यायला अकरा दिवस लागले. या प्रकरणातली सगळ्यात टाळता येण्याजोगी चूक हीच. आम्ही योग्य शब्द शोधत होतो, आणि तिकडे त्या मुलाला आम्ही त्याला टोलवतोय असं वाटत होतं. 'फोन मिळाला, चूक झालीय, दोन दिवसांत बोलतो' एवढं त्याच रात्री कळवता आलं असतं.

मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला नातवाकडे आल्या होत्या. तिथे भेट ठरली. नातवाची अट होती की तो बसेल. मॅडमची विनंती होती की पहिला अर्धा तास बसू नये. मावशींनीच निकाल दिला: "बसू दे त्याला. आता ऱ्हायलंय काय?"

डोळ्याला पट्टी होती, म्हणून त्यांनी कविता वाचून दाखवायला सांगितली. मॅडमनी वाचली. मी खिडकीकडे बघत होतो. संपल्यावर मावशी जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "हे तू केलंस व्हय? बरं झालंय. पर माजी वव्ही मदीच कापलीस. अर्दी कशाला घ्यावी?"

मॅडमनी ओवीचा पहिला चरण जसाच्या तसा घेतला होता आणि पुढचा स्वतःचा रचला होता. मराठी कवितेत ही जुनी रीत आहे. लोकगीताची ओळ उचलायची आणि तिथून आपलं पुढे न्यायचं. लोकगीताला कर्ता नसतो, असं धरलेलं असतं म्हणून. इथे कर्ती समोर बसली होती आणि तिची तक्रार कुठल्याही कवीची असते तशी होती.

मग त्या नातवाकडे वळल्या. "तुझ्या बापाला मी सांगन. तू सांगायचं न्हाई, ह्यांनीबी न्हाई."

परतताना गाडीत मॅडम म्हणाल्या, की आपण त्यांना प्रतिसादक म्हणत होतो, माहितीदार म्हणत होतो, कवितेत तर नुसतीच 'बाई'. त्यांनी स्वतःला काय म्हटलं ते ऐकलं का तुम्ही?

त्यानंतरचं काम पटापट झालं. जोडनिबंध आम्ही मागे घेतला, कारण न देता, संपादकांशी फोनवर बोलून. कविता पुढच्या संग्रहातून वगळली. छापून विकलेल्या दिवाळी अंकाचं काही करता येण्यासारखं नव्हतं. नकाशा मी नव्याने केला: नेमके बिंदू काढून पाचशे मीटरच्या चौकोनांची जाळी टाकली आणि चौकोनात किती ओव्या जागेचं नाव घेतात एवढंच दाखवलं. वावरांची नावं काढली. नकाशा गरीब झाला, हे मान्य करतो. भूगोलाच्या माणसाला बिंदू पुसताना जिवावर येतं.

सगळ्यात जास्त वेळ संमतीला गेला. मॅडम ३४ जणींकडे पुन्हा गेल्या. पाच जणी तोवर वारल्या होत्या. या वेळी कागद नव्हता, प्रश्न होते, आणि प्रत्येक गोष्टीला वेगळे: ओवी छापू का? नावासकट की नावाशिवाय? तुमची गोष्ट लिहू का? मी तुमच्यावरून कविता केली तर चालेल का, आधी वाचून दाखवू का? जागा नकाशावर दाखवू का? उत्तरं एकसारखी आली नाहीत. ओवीला नाव हवं, असं बहुतेकींनी सांगितलं. गोष्टीला नाव नको, हेही बहुतेकींनीच. एकीने ओवीही नको म्हटलं आणि मुद्रण तिच्यासमोर पुसायला लावलं. वारलेल्या पाच जणींचं काय करायचं यावर आमचं अजून एकमत नाही. मॅडमच्या मते मुलांना विचारावं. माझ्या मते मावशींच्या प्रकरणानंतर मुलांना विचारणं हाच मोठा धोका. ती पाच मुद्रणं बंद आहेत.

नावाच्या बाबतीत एक जुना दाखला उपयोगी पडला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह लाखाच्या वर आहे आणि २०१७पासून तो 'पारी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर येतो आहे. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव असतं. समाजशास्त्राची सवय नाव झाकण्याची, कारण त्यात सांगणारीचं रक्षण आहे. वाङ्मयाची सवय नाव देण्याची, कारण त्यात तिचा मान आहे. आमच्या हातात एकाच बाईच्या तोंडून आलेल्या दोन्ही गोष्टी होत्या, आणि दोन्हींना एकच नियम लावत बसलो होतो.

निष्पत्ती

ओव्यांची एक पुस्तिका निघाली. प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव. गोष्टी नाहीत. मावशींची ओवी त्यात पूर्ण आहे, इतर ओव्यांच्या रांगेत, आणि माहीत नसलेल्याला ती पाण्याखाली गेलेल्या माहेराची वाटते. मुखपृष्ठावर मॅडम 'संकलन' म्हणून आहेत. पुस्तिका स्वखर्चाची, म्हणून तक्त्यात तिला शून्य.

निबंध मागे घेतल्यावर सात उरले होते. सुधारित नकाशाचा जोडनिबंध २०२४मध्ये दुसरीकडे आला, शंभर पुन्हा भरले. मॅडमनी एकटीचे दोन लिहिले: एक ओवीच्या कर्तेपणावर, दुसरा संमतीच्या त्या प्रश्नावलीवर. दहा निबंध, १२० गुण. दुसरा निबंध नियतकालिकाकडे असतानाच, फेब्रुवारी २०२५मध्ये, यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली, आणि हे नियतकालिक आता चालतं की नाही यावर कार्यालयात आठवडाभर खल झाला. चाललं. त्याच वर्षी त्या प्राध्यापक झाल्या. पात्रतेची वर्षं २०२०मध्येच भरली होती.

मावशींच्या मुलाने आमच्याशी कधी संपर्क केला नाही. मावशींनी त्याला सांगितलं का, हे आम्ही विचारलेलं नाही. नातू अधूनमधून मॅडमना मेसेज करतो.

पुन्हा करायचं झालं तर

दोन विषयांनी आपापली काळजी वेगवेगळी घेतली, हे मुळातलं दुखणं. कवितेने नाव लपवलं, नकाशानेही लपवलं, आणि दोघांनी मिळून उघड केलं. त्यामुळे छापायला जाण्यापूर्वी सगळं एका टेबलावर मांडून, गावातल्या माहीतगार माणसाच्या डोळ्यांनी वाचायला हवं होतं. आमच्या दोघांच्याही डोळ्यांनी ते कळणारं नव्हतं. मॅडमच्या आईला दाखवलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

कविता ही खासगी बाब, हे मी सुरुवातीलाच मान्य केलं आणि ती कधी वाचायला मागितली नाही. मला तो सभ्यपणा वाटत होता. सहसंशोधकाच्या कवितेत डोकावू नये, असा. खरं तर त्यामागे थोडा तुच्छभावही होता: कविता म्हणजे कामानंतरचं.

मॅडमचं म्हणणं वेगळं आहे आणि ते इथे नोंदवतो. त्यांच्या मते मी फार कडक झालोय. सगळं आधी विचारून केलं तर कविता होणारच नाही. पाचशे मीटरच्या चौकोनात नकाशा राहतो, पण कवितेला सात पावलंच लागतात. वगळलेल्या कवितेबद्दल त्यांना अजूनही वाईट वाटतं. ती त्यांची सगळ्यात चांगली कविता आहे, असं त्यांचं मत आहे. माझंही आहे.

मे २०२४

धरण पुन्हा उणे पन्नासच्या खाली गेलं आणि मावशींचा निरोप आला: न्या. नातवाने गाडी काढली. मॅडम, त्यांची आई आणि मी असे गेलो. गाडी थांबली तिथून मावशी काठी टेकत बरंच अंतर चालल्या. मी पुढे होतो, कारण बारव मला माहीत होती. माझ्या नकाशाचे तीन आधारबिंदू होते, त्यातली ही एक.

मावशी तिच्यापाशी आल्या, वाकून पायऱ्या बघितल्या आणि म्हणाल्या, "ही न्हवं. ही पाटलाची. आमची खाली, वड्याच्या अंगाला."

ओढ्याच्या अंगाला गाळाचं सपाट होतं आणि पलीकडे पाणी चमकत होतं. दुसरी बारव बुजली असावी. त्यांनी काठीने दिशा दाखवली, तिकडे थोडं चालल्या, आणि एका जागी थांबल्या.

जीपीएस माझ्या खिशात होतं. "मावशी, नोंद घेऊ का?" असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कशाला? मला ठावं हाय."

त्यामुळे माझा पहिला नकाशा नेमका किती मीटरनी चुकला होता, हे मला सांगता येत नाही. परतताना मी पावलं मोजायला लागलो होतो, पण मॅडमच्या आई काहीतरी विचारायला लागल्या आणि दोनशेच्या पुढे कुठेतरी चुकलं.